लिस्बनमध्ये जेवताना

वसईत वाढलेल्या माणसाला पोर्तुगीज पुस्तकात शोधावे लागत नाहीत. शाळेची सहल किल्ल्यात जाते, डबे उघडतात ते छप्पर नसलेल्या चर्चच्या सावलीत, आणि बाई चिमाजी अप्पांची गोष्ट सांगतात ती समोरच्या तटाकडे बोट दाखवून. १५३४ पासून १७३९ पर्यंत, दोनशे वर्षांहून जास्त काळ ही माणसं आमच्या गावात राहून गेली. अप्पांनी वसई जिंकली तेव्हा चर्चमधल्या घंटा उतरवून नेल्या गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत. युरोपात पहिल्यांदाच जायचं ठरलं तेव्हा माझ्या मनात पॅरिस आलंच नाही ते यामुळे. ही माणसं ज्या गावाहून निघाली ते गाव मला बघायचं होतं. ताईला मासे खायचे होते. दोघींचं काम लिस्बनमध्येच होणार होतं.

आता मला कोणी विचारलं की लिस्बनला गेल्यावर आधी काय बघायचं, तर मी सांगते, आधी जेवायला बसा. तिथली स्मारकं भव्य आहेत, सुंदर आहेत, पण ती फक्त जहाजं निघाल्याची गोष्ट सांगतात. त्या जहाजांतून परत काय आलं, ते कोणाकडून आणि कसं मिळवलं, हे दगडात फारसं कोरलेलं नाही. ताटात मात्र ते सगळं आहे.

बेलें हा लिस्बनचा नदीकाठचा भाग. तेजो नदी इथे इतकी रुंद आहे की समुद्रच वाटावा, आणि खरा समुद्र तिथून लांब नाही. १४९७ च्या जुलैत वास्को द गामा इथूनच निघाला. निघायच्या आदल्या रात्री ज्या छोट्या चॅपेलमध्ये त्याने प्रार्थना केली, तिथे पुढे राजा मानुएलने जेरोनिमोश मठ बांधायला घेतला. काम १५०१ च्या सुमारास सुरू झालं आणि जवळजवळ शंभर वर्षं चाललं. पैसा आला तो मुख्यतः आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावरच्या करातून, शंभरातले पाच या हिशेबाने. पूर्वेच्या व्यापारात सगळ्यात मोठा वाटा होता तो आपल्या मलबारच्या मिरीचा.

मठाच्या आतल्या चौकात गेलं की पाय थांबतात. पिवळसर पांढऱ्या चुनखडीच्या दगडात जहाजाचे दोरखंड कोरलेत, त्यांच्या गाठी कोरल्यात, पोवळी आणि शेवाळ कोरलंय. एकेका खांबावर कारागिराने इतका जीव ओतलाय की मान वर करून बघता बघता अवघडून जाते. मी मिरीचा एखादा वेल शोधत होते. इतक्या नक्षीत तो कुठेतरी असेलही, मला दिसला नाही. चर्चमध्ये शिरताच डाव्या हाताला वास्को द गामाची समाधी आहे. तो वारला कोचीला, १५२४ मध्ये; अवशेष पुढे पोर्तुगालला नेले आणि या मठात आले ते १८८० मध्ये. दगडी मूर्तीने हात जोडलेत. लोक फोटो काढत होते. मला आठवत होतं ते १५०२ च्या फेरीतलं जहाज. मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं ते जहाज याच माणसाने बायकापोरांसकट जाळलं होतं. मी फोटो काढला नाही. ताईने समाधीकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "चल, बाहेर जाऊ."

मठापासून चार पावलांवर पाश्तेइश द बेलेंचं दुकान आहे. निळ्या-पांढऱ्या फरशांच्या भिंती, खोलीमागून खोली, आणि बाहेर रांग. १८३४ मध्ये पोर्तुगालमधले धार्मिक मठ बंद झाले, तेव्हा इथल्या लोकांनी पोटासाठी मठातली अंड्याची मिठाई शेजारच्या साखर कारखान्यातल्या दुकानात विकायला सुरुवात केली. १८३७ पासून ती याच जागी बनते. मठांमध्ये अंड्यांचा पांढरा भाग कपड्यांना खळ करायला वापरायचे आणि पिवळा उरायचा, त्यातून पोर्तुगालच्या कितीतरी मिठाया जन्मल्या असं तिथे सगळेच सांगतात. कृती आजही मोजक्याच माणसांना ठाऊक असते आणि ती बंद खोलीत तयार होते.

ती मिठाई समोर आली तेव्हा तळहाताएवढी होती. बाहेरची पारी पापुद्र्यापापुद्र्याची, बोटाने दाबली तर कुरकुर आवाज. मधल्या पिवळ्या कस्टर्डवर भट्टीच्या आचेने करपलेले काळे डाग, आणि ते डाग हवेतच, त्याशिवाय गोडाला कडवट कड येत नाही. टेबलावर दोन डब्या असतात, एकीत पिठीसाखर, दुसरीत दालचिनीची पूड. गरम कस्टर्डवर दालचिनी पडली की वास आधी येतो आणि मग चव. सोबत बिका म्हणजे घोटभर कडक कॉफी. अशी मिठाई मी याआधी खाल्लेली नाही, हे मनापासून सांगते.

पण त्या दोन डब्यांकडे बघा. दालचिनी सिलोनची. तिथल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी बस्तान बसवलं आणि साल सोलणाऱ्या लोकांकडून ती सक्तीने वसूल केली. साखर आधी मदेइराची, मग ब्राझीलची. ऊस लावला, तोडला, गाळला तो आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांनी. शेजारच्या मठाची भिंत ज्याविषयी बोलत नाही ते या टेबलावर उघड मांडून ठेवलंय. म्हणून मिठाई कडू लागली का? नाही. पण खाताना त्या माणसांची आठवण ठेवणं मला गरजेचं वाटलं, आणि ताईलाही.

बेलेंचा बुरूज आम्ही बाहेरूनच पाहिला, कारण मला त्याच्या एका कोपऱ्याखालचा गेंडा बघायचा होता. पोर्तुगीजांचा भारतातला गव्हर्नर अल्बुकर्क याला दीवमध्ये किल्ला बांधायला गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाची परवानगी हवी होती. सुलतानाने जागा दिली नाही, गेंडा भेट दिला. तो गोव्याहून जहाजात चढला आणि १५१५ च्या मे महिन्यात लिस्बनला उतरला. युरोपात कित्येक शतकांत कोणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजाने तो पुढे पोपला पाठवला आणि वाटेत जहाज बुडून गेंडा मेला. बुरुजावरचं त्याचं शिल्प वाऱ्यापाण्याने इतकं झिजलंय की ठाऊक नसेल तर दगडच वाटतो. गुजरातहून इतक्या लांब आणलेल्या त्या मुक्या जनावराचं मला फार वाईट वाटलं.

जवळच दर्यावर्दींचं मोठं स्मारक आहे, जहाजाच्या पुढच्या टोकाच्या आकाराचं, ५२ मीटर उंच. ते १९६० मध्ये हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत उभं राहिलं आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला. एवढं ध्यानात ठेवून ते बघावं.

शहराच्या मध्यात येताना आधी १७५५ समजून घ्यावं लागतं. १ नोव्हेंबर, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ. चर्च माणसांनी भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला, लोक जीव वाचवायला नदीकाठच्या मोकळ्या जागेत धावले आणि नदीतून सुनामी आली. उरलेल्या शहरात आग कित्येक दिवस धुमसत होती. नदीकाठचा राजवाडा गेला आणि त्याच्यासोबत कासा दा इंदिया, म्हणजे पूर्वेच्या सगळ्या व्यापाराचं कार्यालयही गेलं. वसई हातची गेली त्याला तेव्हा सोळाच वर्षं झाली होती. राजवाडा परत बांधला नाही. तिथे आज तेजोकडे उघडणारा भलामोठा चौक आहे, आणि जुने लोक त्याला अजून 'राजवाड्याचं अंगण' अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात.

पोंबाल नावाच्या मंत्र्याने बाइशा हा भाग नव्याने आखला. सरळ रस्ते, एकसारख्या इमारती, आणि भिंतींच्या आत लाकडी पिंजरा, म्हणजे जमीन हलली तर घर डुलेल पण कोसळणार नाही. नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून तो तपासला होता म्हणतात. भूकंपाचा विचार करून बांधलेल्या युरोपातल्या अगदी पहिल्या इमारतींत या घरांची गणना होते. पोंबालविषयी वाईट सांगण्यासारखंही पुष्कळ आहे, पण या कामाबद्दल त्याला मानलंच पाहिजे.

टेकडीवरचं कार्मोचं चर्च मात्र मुद्दाम तसंच ठेवलंय. छप्पर गेलं, कमानी उरल्या. आत उभं राहून वर पाहिलं तर कमानींच्या फासळ्या आणि त्यांच्यामधून आभाळ. मी आणि ताई एकमेकींकडे बघतच राहिलो. हे आम्ही लहानपणापासून बघत आलोय. आमच्याकडे किल्ल्यातली चर्च लढाईनंतर ओस पडली आणि काळाने पोखरली, इथे धरणीने पाडली, पण उघड्या कमानीखाली उभं राहिल्यावर पोटात जे होतं ते दोन्हीकडे एकच. फरक एवढाच की इथे प्रत्येक दगडाशी माहितीची पाटी आहे. आमच्या किल्ल्यातही ती असायला हवी, हे मी तिथे उभ्या उभ्या ठरवून टाकलं आणि आल्यावर त्यासाठी दोन पत्रंही लिहिली आहेत.

याच कार्मोच्या चौकात २५ एप्रिल १९७४ ला सैनिकांनी शेवटच्या हुकूमशहाला, काएतानोला, शरण यायला लावलं. लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोवली. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला झालेल्या करारात पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली भारताचे असल्याचं मान्य केलं.

आता बाकल्याव, म्हणजे खारवलेला कॉड मासा. याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय.

पोर्तुगालला एवढा मोठा किनारा आहे आणि त्यांचा सगळ्यात लाडका मासा मात्र त्यांच्या समुद्रात मिळत नाही. कॉड हा थंड पाण्यातला मासा. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज कोळी त्याच्यासाठी थेट कॅनडाकडच्या न्यूफाउंडलंडपर्यंत जात. त्या काळी मासा टिकवायचा तर मीठ लावून वाळवणं हाच उपाय, आणि मीठ त्यांच्याकडे भरपूर होतं. चर्चच्या उपवासांना मांस चालायचं नाही, मासा चालायचा. खारवलेला कॉड असा गरीब-श्रीमंत सगळ्यांच्या घरात शिरला. आज तो बहुतेक नॉर्वेहून येतो.

नदीजवळच्या रुआ दु आर्सेनाल या रस्त्यावर बाकल्यावची जुनी दुकानं आहेत. दुकान दिसायच्या आधी वास येतो. ताई तिथेच थबकली आणि म्हणाली, "अगं, पाचूबंदर!" वसईच्या कोळीवाड्यात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातले की वाऱ्यावर जो वास येतो, तोच, थोडा जड. आत पाहिलं तर हातभर लांबीचे चपटे मासे त्रिकोणी फळ्यांसारखे रचलेले, मिठाने पांढरे झालेले. दुकानदार लोखंडी पात्याखाली धरून तुकडे पाडत होता आणि प्रत्येक घावाला मिठाचे कण उडत होते. एक आजीबाई एकेक मासा उचलून उजेडात धरून जाडी बघत होत्या. दुकानदार गप्प उभा. घाई करायची त्याची हिंमत नव्हती.

खायच्या आधी हा मासा एक-दोन दिवस पाण्यात भिजवतात आणि पाणी पुन्हा पुन्हा बदलतात. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक अशा बाकल्यावच्या पाककृती आहेत, असं पोर्तुगीज अभिमानाने सांगतात. आम्ही खाल्ला तो आ ब्राश पद्धतीचा. कांदा पातळ चिरून ऑलिव्ह तेलात मऊ होईपर्यंत परतायचा, त्यात हाताने तंतू सोडवलेला मासा, मग काडीसारखे तळलेले बटाटे, आणि शेवटी फेटलेली अंडी घालून लगेच आचेवरून उतरवायचं. अंडं शिजलेलं पण ओलसर राहिलं पाहिजे, यात सगळं कौशल्य. वर कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सली आणि काळी ऑलिव्ह. खरवडलेल्या कढईतल्या सुकटीची आणि अंडाभुर्जीची, अशा आपल्या दोन आवडी एका घासात आल्या. बटाटा अमेरिकेचा, मासा उत्तरेचा, तेल त्यांच्या शेतातलं. असं ताट एका देशाचं कसं म्हणायचं?

जेवायला जाणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज न मागता आणून ठेवतात. खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर हात न लावता परत पाठवावं, कोणी वाईट मानत नाही. शाकाहारी मंडळींनी काल्दु वेर्द हे हिरव्या पाल्याचं आणि बटाट्याचं सूप मागताना सॉसेजची चकती घालू नका, असं आवर्जून सांगावं आणि भाजी कुठल्या पाण्यात शिजवली हेही विचारावं. अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम अगदी सकाळी पकडावी, नंतर उभं राहायलाही जागा नसते.

रोसिऊ चौकाजवळ सांव दोमिंगुश चर्च आहे. १९५९ च्या आगीत ते आतून जळलं. खांबांचे फुटलेले, काळवंडलेले दगड तसेच ठेवून वर छप्पर घातलंय. याच चर्चपासून १५०६ मध्ये शहरातल्या बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची कत्तल सुरू झाली. बाहेरच्या चौकात आता त्यांच्यासाठी स्मृतिशिला आहे. रोसिऊवर जिथे राष्ट्रीय नाट्यगृह आहे, तिथे पूर्वी इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मविरोधकांना शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या यंत्रणेची, कचेरी होती. हीच चौकशीची यंत्रणा १५६० मध्ये गोव्यात आली आणि तिथल्या हिंदूंनी, नवख्रिस्ती आणि ज्यूंनी ती अडीच शतकं सोसली. लिस्बनच्या खानावळींत आल्येइरा नावाचं सॉसेज मिळतं, डुकराचं मांस न घालता पाव आणि कोंबडीचं केलेलं. आपण डुक्कर खातो असं शेजाऱ्यांना वाटावं म्हणून ज्यूंनी ते शोधलं, असं सांगतात. जीव वाचवायला केलेला पदार्थ आज सगळे आवडीने खातात. मला तो खाताना घास पटकन गिळता आला नाही.

फादो या तिथल्या गाण्याबद्दल थोडंच लिहिते, कारण ते ऐकायचंच असतं. आल्फामा या जुन्या वस्तीतल्या एका छोट्या खोलीत दिवे मंद झाले, वाढप्यांनी ताटं नेणं थांबवलं, बारा तारांची गिटार सुरू झाली आणि काळी शाल घेतलेली बाई डोळे मिटून गायला लागली. शब्द कळत नव्हते. ताईच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही काइश दु सोद्रेहून कश्काइशची गाडी धरली. डाव्या खिडकीत नदी आणि मग समुद्र, सगळे प्रवासी तिकडेच बघतात. वाटेत काशियाश नावाचं स्टेशन लागतं. तिथल्या किल्ल्यात सालाझारच्या काळात राजकीय कैदी ठेवत, आणि आजही तो तुरुंगच आहे. सांगलीत जन्मलेले मोहन रानडे शिक्षक म्हणून गोव्यात गेले, आझाद गोमंतक दलात सामील झाले, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. २६ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पोर्तुगालला आणून काशियाशला ठेवलं. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, पण रानडे सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी किती धावपळ केली ते आमचे बाबा नेहमी सांगायचे. मठ, बुरूज, स्मारक सगळं बघून झालं होतं, पण माझ्यासाठी लिस्बनमधली सगळ्यात मोठी जागा ती होती, आणि तिथे गाडी जेमतेम मिनिटभर थांबते. आम्ही दोघी उठून उभ्या राहिलो आणि उजवीकडच्या टेकडीकडे बघून नमस्कार केला.

परत आल्यावर संध्याकाळी एका गोवेकर खानावळीत गेलो. लिस्बनमध्ये गोव्याची माणसं बरीच. कितीतरी कुटुंबं मोझांबिकमार्गे, तो देश १९७५ मध्ये स्वतंत्र झाल्यावर, इथे आली. पोर्तुगालचे आठ वर्षं पंतप्रधान राहिलेले अंतोनियो कोस्टा वडिलांकडून गोव्याचेच. समोसा इथे शामुसा होऊन कोपऱ्यावरच्या कुठल्याही कॉफीच्या दुकानात मिळतो. खानावळीच्या बाईंनी आम्हाला बघताच विचारलं, "तुमी खंयचीं?" वसई म्हटल्यावर त्यांनी खुर्ची ओढून घेतली. मग शागोती आली, भाजलेल्या खोबऱ्याची, खसखशीची, तिखटजाळ. भात वाफाळता. किती तरी वेळ आम्ही नुसत्या जेवत होतो.

ताईने विचारलं, "इथे ताजा मासा कुठे चांगला मिळतो?"

बाईंनी हात हलवला. "आज सोमार. सोमारा नुस्तें खावचें न्हय. आयतारा होडीं वचनात." रविवारी होड्या जात नाहीत, म्हणून सोमवारी मासे खाऊ नयेत, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी कागदावर एका खानावळीचा पत्ता लिहून दिला आणि पदार्थाचं नावही लिहिलं, नुसतं दाखवलं की झालं.

मंगळवारी दुपारी आम्ही तिथे पोचलो. आठ टेबलं, कागदाचे टेबलपोस, शेजारी रंगाचे डाग पडलेल्या कपड्यांतले कामगार. बोटाएवढे छोटे करापाउ मासे पिठात घोळवून डोक्यासकट कुरकुरीत तळलेले, आणि सोबत टोमॅटोचा पातळसर भात, चमच्याने खायचा. काटा, डोकं, शेपटी काही टाकायचं नाही. ताईने पहिलं ताट संपवलं, वाढप्याला हाक मारली आणि तोच कागद पुन्हा त्याच्यासमोर धरला.